रायफल खांद्याला मारते, गोळ्या खाली जातात : मझल ब्रेक बसवू का?

थंडी पडली, अजिंक्यताऱ्यावर सकाळचं धुकं उतरायला लागलं, की आमच्या सरावाचे दिवस सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर हा प्रश्नही परत येतो. विचारणारा दर वर्षी वेगळा, तक्रार तीच. यंदा कोरेगावकडचा एक चाळिशीतला शेतकरी आला. तीनशेपंधरा बोरची लायसन्सची रायफल, वडिलांच्या नावावरून त्याच्या नावावर झालेली. म्हणाला, "आबा, रायफल लई मारती. पहिल्या दोन गोळ्या बरोबर बसत्यात, तिसरीपासनं खाली, चौथी तर कागदावरच नाय. मोबाइलवर बघितलं, परदेशात धक्का कमी करायला नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावत्यात. आपल्या इथं एक लेथवाला म्हणतोय आटे पाडून देतो. लावू का?"

मी सैन्यात आर्मरर होतो. रायफली उघडणं, जोडणं, त्यांची मापं घेणं, यात माझी चोवीस वर्षं गेली. आता साताऱ्यात असतो आणि रविवारी सरावाला येणाऱ्या पोरांच्या मागे उभा राहतो. हाच प्रश्न सांगलीहूनही फोनवर दोनतीनदा आला, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

लेथवाल्याला नाही म्हणा. का ते पुढे सांगतो. त्याआधी धक्का नक्की कुठे बसतोय ते शोधू.

आधी ही चाचणी करा

त्या दिवशी मी त्याची रायफल घेतली आणि म्हटलं, "आजपासून मॅगझिन मी भरणार. तू फक्त शिस्त धर आणि मार." शिस्त म्हणजे नेम. जिवंत काडतुसांमध्ये एक डमी घातली. डमी म्हणजे ड्रिल राउंड, आत दारू नाही, ती पेटवणारी टोपी नाही, आकार आणि वजन तेवढंच. कितवी डमी आहे हे त्याला सांगितलं नाही. पहिली गोळी गेली, ठीक. दुसरी गेली. तिसऱ्यांदा त्याने चाप दाबला आणि नुसता 'टक' आवाज आला. धक्का नाही, धूर नाही, तरीही नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलं, डोळे घट्ट मिटले आणि उजवा खांदा पुढे झेपावला. तो तसाच दोन सेकंद राहिला. मग हळूच म्हणाला, "आबा, हे तर मीच खाली ढकलतोय."

बरोबर. रायफलीने काहीच केलं नव्हतं.

याला आम्ही बिचकणं म्हणतो. शरीर येणाऱ्या दणक्याची आधीच तयारी करतं आणि ती तयारीच गोळी खाली नेते. सैन्यात पहिल्या दिवशी शिकवतात ना, मजबूत पकड, सही शिस्त, ट्रिगर ऑपरेशन. त्यातलं तिसरं इथे मोडतं. डमीवर नळी जिथल्या तिथे राहिली तर दोष दुसरीकडे आहे, रायफल तपासायला घ्या. नळी बुडाली तर दोष माणसात आहे. माझा अनुभव विचाराल, तर धक्क्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांची नळी बुडतेच.

चाचणी करताना एक पथ्य सोडू नका : डमीवरही नळी निशाणाकडेच राहील आणि आवाज आला नाही तरी अर्धा मिनिट रायफल खांद्यावरून हलणार नाही. कधीकधी खरंच काडतूस उशिरा पेटतं.

धक्का येतो तेव्हा गोळी कुठे असते

पुष्कळांना वाटतं की दणक्याने नळी उडते आणि म्हणून गोळी चुकते. हिशोब करून बघू. मी ७.६२ मिलिमीटरचं काडतूस घेतो, कारण त्याचे आकडे मला तोंडपाठ आहेत. गोळी साधारण ९.५ ग्रॅम, नळीतून निघताना वेग सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास, दारू सुमारे ३ ग्रॅम. साडेचार किलोची रायफल आणि ६० सेंटिमीटरची नळी धरा. गोळी नळीत असते ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम दीडपट वेळ. तेवढ्या वेळात रायफल मागे सरकते दीड मिलिमीटर. बस्स. खांद्याला जो दणका कळतो तो गोळी नळी सोडून गेल्यावर कळतो. माणसाला आवाज ऐकून हालचाल करायलाच याच्या शंभरपट वेळ लागतो.

त्यामुळे दणका लागल्यानंतर तुम्ही काहीही केलंत तरी गोळीला त्याचा पत्ता नसतो. गोळी बिघडवते ती दणक्याच्या आधीची हालचाल. मात्र तो दीड मिलिमीटरचा प्रवास दर वेळी सारखा व्हायला हवा. पकड कधी घट्ट, कधी सैल असेल तर तेवढ्यातही नळीचा रोख बदलतो. म्हणून पकड एकसारखी ठेवायला सांगतात.

आता मझल ब्रेक काय करतो ते बघू

रायफल मागे येते ती दोन कारणांनी. एक, गोळी पुढे जाते. दोन, गोळीच्या मागोमाग जळलेल्या दारूचा वायू पुढे सुटतो, आणि तो गोळीपेक्षा जास्त वेगाने सुटतो. मोठ्या रायफलींसाठी हिशोबात वायूचा वेग गोळीच्या सुमारे १.७५ पट धरतात. वरच्या काडतुसात गोळीचा वाटा येतो ८, वायूचा ४.४, म्हणजे एकूण १२.४, किलो आणि मीटर प्रति सेकंदाच्या गुणाकारात. धक्क्यातला एक तृतीयांशापेक्षा थोडा जास्त भाग वायूचा. साडेचार किलोची रायफल या हिशोबाने सेकंदाला पावणेतीन मीटर वेगाने मागे येते, म्हणजे चालत्या माणसाच्या दुप्पट वेगाने.

गोळीचा वाटा कमी करायचा तर गोळीच हलकी किंवा हळू करावी लागेल. ब्रेक हात घालतो तो फक्त वायूच्या वाट्यात.

शेतकऱ्याला हे मी पाइपवरून समजावलं. उसाला पाणी देताना मोटार सुरू झाली की पाइपचं तोंड हातात मागे रेटतं. आता त्या तोंडासमोर एक बादली आडवी धरली आणि ती पाइपलाच बांधली असं समजा. पाणी बादलीवर आदळून आजूबाजूला फेकलं जाईल आणि बादली पाइपला पुढे ओढेल. हातातला रेटा गेला. पाणी थोडं मागच्या दिशेने वळवलं, तर पाइप उलट पुढेच ओढ घेईल. मझल ब्रेक हेच करतो. तोंडाला जोडलेल्या नळकांड्याला बाजूला भोकं किंवा खाचा असतात, आत आडवे पडदे असतात. गोळी मधून सरळ निघून जाते, वायू पडद्यांवर आदळून बाजूला जातो. वरच्या अंगालाही भोकं असतील तर वर सुटणारा वायू नळीला खाली दाबतो आणि तोंड उसळत नाही. त्या प्रकाराला कॉम्पेन्सेटर म्हणतात.

तिसरी वस्तू फ्लॅश हायडर. सैन्याच्या इन्सास रायफलीच्या आणि आपल्या जुन्या एसएलआर रायफलीच्या तोंडाला लांब खाचांचं जे असतं ते हे. ते चमक लपवण्यासाठी असतं. लोक फोटो दाखवून त्यालाच ब्रेक म्हणतात. धक्का कमी करणं हे त्याचं काम नाही.

आता जाहिरातींतल्या आकड्यांबद्दल, कारण पोरं तिथे फार फसतात. वायूचा पूर्ण वाटा काढून टाकला तर रेटा ३५ टक्क्यांच्या आसपास कमी होतो. पण धक्क्याची ऊर्जा रेट्याच्या वर्गाप्रमाणे बदलते. तीच गोष्ट ऊर्जेत मोजली की १७ ज्यूलवरून ७ वर येते, म्हणजे जवळजवळ ६० टक्के कमी. ब्रेक तोच, रायफल तीच. एक जण ३५ सांगतो, दुसरा ६०, आणि दोघंही खरं बोलतात. आकडा कशाचा आहे हे विचारल्याशिवाय दोन ब्रेकची तुलना करू नका.

दुसरी गोष्ट, ब्रेकचा फायदा काडतुसावर ठरतो. दारू जास्त आणि गोळी हलकी असेल तर वायूचा वाटा मोठा, आणि ब्रेक चांगला लागू पडतो. इन्सासच्या ५.५६ मध्ये गोळी ४ ग्रॅमची, दारू दीड ते पावणेदोन ग्रॅम. तिथे वायूचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर जातो, पण मुळात एकूण धक्काच ७.६२ च्या निम्मा असल्यामुळे ओरडण्यासारखं काही नसतं. तीनशेपंधराचं उलटं. गोळी जड, सुमारे १५.८ ग्रॅम, आणि वेग बेताचा. धक्क्यात गोळीचाच वाटा मोठा. म्हणजे ज्या रायफलीसाठी कोरेगावकर ब्रेक मागत होता तिथेच ब्रेक कमी उपयोगाचा. त्यात तिची पुढची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, नळीच्या तोंडाशीच बसवलेली, तिला धक्का लागला की शिस्तीचं सगळं गणित नव्याने मांडावं लागणार.

आवाज

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही.

ब्रेक वायू बाजूला आणि मागे फेकतो म्हणजे आवाजही तिकडेच फेकतो. रायफलीचा आवाज मुळात १६० डेसिबलच्या पलीकडे असतो. एका झटक्याच्या आवाजासाठी कानाला धोक्याची रेषा १४० धरतात. ब्रेक लावल्यावर मारणाऱ्याच्या कानाशी हा आवाज आणखी पाच ते दहा डेसिबलने वाढतो, आणि बाजूच्या लेनमधल्याला तर तोंडावर चापट बसल्यासारखा हवेचा दणका बसतो. झोपून मारत असाल तर धुळीचा लोट डोळ्यांत.

ज्याची नळी डमीवर बुडते त्याला अर्धी भीती खांद्याची असते आणि अर्धी कानाची. मला तर कानाची जास्त वाटते. अशा माणसाला ब्रेक लावून दिला की खांद्याचा दणका कमी होतो आणि आवाज वाढतो. तो आधीपेक्षा जास्त बिचकतो. मग म्हणतो, ब्रेक चांगला नव्हता, दुसरा आणतो. हा फेरा मी नोकरीत इतरांच्या रायफलींवर पाहिलाय.

तोफखान्यात ब्रेक लागतोच, कारण तिथे दणका माणसाच्या खांद्यावर नाही, तोफेच्या गाड्यावर येतो. देवळालीला तोफखान्याच्या शाळेत बोफोर्स बघितलेल्यांना तिच्या तोंडावरचा तो भोकाभोकांचा मोठा डबा आठवत असेल. उलट नगरला रणगाड्यांच्या केंद्रात टी-७२ बघा, त्याच्या तोफेला मझल ब्रेक नसतो. बाणासारख्या गोळ्याभोवतीचे सुटे तुकडे तोंडाशी मोकळे व्हावे लागतात, आणि धुरळा उडाला तर स्वतःच्याच तोफेचा नेम दिसत नाही. जिथे गरज तिथे ब्रेक, नाही तिथे नाही. आपल्या रायफलीलाही हाच विचार लावायला हवा.

सायलेन्सरचं काय

'मग सप्रेसर, म्हणजे सायलेन्सर, बरा का?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. नुसत्या यंत्राच्या दृष्टीने उत्तर हो असं आहे, पण आपल्याला तो मिळत नाही.

रायफलीचा पहिला चाललेला सायलेन्सर अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिम यांनी काढला, १९०९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. मॅक्सिम मशीनगन काढणाऱ्या हायरम मॅक्सिम यांचे ते चिरंजीव. गाडीच्या इंजिनासाठीही त्यांनी याच तत्त्वावर काम केलं. तत्त्व असं, की गरम वायूला एकदम बाहेर न सोडता डब्यातल्या खोल्यांमधून फिरवत, पसरवत, थंड करत सोडायचं.

यात धक्का तीन वाटांनी कमी होतो. वायू आतल्या पडद्यांवर आदळतो आणि त्यांना पुढे रेटतो. बाहेर पडताना त्याचा वेग कमी झालेला असतो. आणि डब्याचं स्वतःचं वजन, बहुतेकदा तीनशे ते सहाशे ग्रॅम, नळीच्या टोकाला येतं. चार किलोच्या रायफलीत अर्धा किलो वाढला तर नुसत्या वजनानेच धक्क्याची ऊर्जा ११ टक्क्यांनी घटते, आणि टोकाला वजन असल्यामुळे तोंड उसळणंही कमी. रेट्याच्या मापात चांगला ब्रेक सायलेन्सरपेक्षा जास्त काम करतो, हे खरं. ब्रेक वायूला मागे वळवतो, सायलेन्सर त्याला शेवटी पुढेच सोडतो. तरीही दोन्ही मारून बघितलेले लोक सायलेन्सरची रायफल मऊ लागते असं सांगतात. कारण दणका थोडा लांबतो, आणि आवाज वीस ते तीस डेसिबलने उतरलेला असतो. कान शांत, म्हणून खांदा शांत. नि:शब्द वगैरे काही होत नाही. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जाते, तिचा चाबकासारखा कडाका राहतोच. सिनेमात दाखवतात तो 'फुस्स' आवाज खरा नाही.

आपोआप भरणाऱ्या रायफलीत त्याची दुसरी बाजूही आहे. डब्यात दाब अडकून राहतो, जास्त वायू मागे येतो, बोल्ट, म्हणजे काडतूस भरणारा सरकता भाग, जास्त जोरात मागे आदळतो आणि धूर डोळ्यांत जातो. तिथे मऊपणाचा थोडा भाग बोल्टच्या हाणामारीत परत जातो. हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीत ही अडचण नाही. टोकाला वजन आल्याने गोळ्यांचा गट मात्र कागदावर जागा बदलतो, शून्य पुन्हा करावं लागतं, म्हणजे नेम आणि गोळी पुन्हा जुळवावी लागतात.

फिनलंड, नॉर्वेसारख्या देशांत शिकारी लोक कानाच्या काळजीपोटी हे सर्रास वापरतात. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'अग्निशस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच आवाज किंवा चमक कमी करण्यासाठी बनवलेली जोडणी धरलेली आहे. म्हणजे सायलेन्सर नुसता घरात ठेवला तरी तो कायद्याच्या लेखी विनापरवाना शस्त्र. चमक लपवणारी नळीही त्याच वाक्यात येते. आणि बिनपरवान्याच्या माणसाने शस्त्र बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं हा त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाचा भंग. लेथवाला कितीही ओळखीचा असो, तो आटे पाडेल तेव्हा गुन्हा त्याचाही आणि तुमचाही. लायसन्स जाईल, वडिलांची रायफल जमा होईल, वर खटला.

कायदा बाजूला ठेवला तरी मी आर्मरर म्हणून नाहीच म्हणेन. आटे नळीच्या भोकाशी केसभर जरी तिरके गेले तरी गोळी पुढच्या जोडणीला घासते, आणि मग काय फुटून कुठे जाईल ते सांगता येत नाही. मोटारपंपाचे शाफ्ट उत्तम करणारा हात चांगलाच असतो, पण हे काम त्याचं नाही. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जा आणि त्यालाही आधी पुढच्या गोष्टी बघायला सांगा.

मग करायचं काय

कोरेगावच्या रायफलीत मला तीन दोष सापडले, आणि तिन्ही नळीच्या तोंडापासून लांब होते.

पहिला, दस्त्याची, म्हणजे रायफलीच्या लाकडी भागाची, लांबी. माणूस उंच, दस्ता आखूड. शिस्त धरली की अंगठ्याचं हाड नाकापासून एक बोटही लांब राहत नव्हतं. दोनतीन बोटं अंतर हवं. दस्ता आखूड असला की रायफलीला मागे येताना धाव मिळते, आणि अंगठा नाकावर बसतो. दुर्बीण असेल तर ती भुवईवर बसते. बहुतेक रायफलींच्या दुर्बिणीला डोळा आठ-नऊ सेंटिमीटर लांब ठेवायचा असतो, लोक चार-पाचवर नेऊन ठेवतात. कपड्यांचाही हिशोब ठेवा. जानेवारीत स्वेटरवर जाकीट घालून सराव केला आणि एप्रिलमध्ये शर्टावर मारायला गेलं, तर दस्ता दोन सेंटिमीटरने बदलल्यासारखा होतो. जुन्या दस्त्यांना बटला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकाला, धातूची पट्टी असते. तिच्या जागी रुंद रबरी पॅड बसवलं की लांबीही वाढते आणि दणकाही पसरतो.

पॅडने रेटा कमी होत नाही, तो फक्त जास्त वेळात आणि जास्त जागेवर वाटला जातो. पण शरीराला नेमका तोच फरक कळतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं पोतं झेलणारा हमाल बघा. ताठ उभा राहून झेलत नाही, पाठ आणि गुडघे पोत्याबरोबर खाली नेतो. वजन तेवढंच, कंबर शाबूत.

दुसरा दोष बट टेकवण्याच्या जागेचा. तो बट गळ्याच्या हाडावर ठेवत होता. शर्ट काढल्यावर हाडावर निळा-जांभळा डाग, रुपयाच्या नाण्याएवढा. बट बसतो तो हाडाच्या बाहेर, खांद्याच्या खळग्यात, जिथे मांस आहे. आणि तो आधीच घट्ट ओढून धरलेला हवा. सैल ठेवला तर रायफल आधी वेग घेते आणि मग आदळते, घट्ट धरला तर रायफल आणि अंग एकच वजन होऊन मागे जातं. भीतीने लोक नेमकं उलट करतात, रायफल अंगापासून दूर धरतात. टेबलावरून मारताना दणका जास्त लागतो तोही याच कारणाने, अंगाला मागे जायला जागा नसते. रायफल शून्य करायची असेल तेव्हा टेबल, सरावाला उभं किंवा बसून.

तिसरा दोष लाकडाचा, आणि हा आपल्या भागातला खास आहे. जावळी-पाटणच्या पावसात लाकडी दस्ता पाणी पिऊन फुगतो. माण-खटावच्या उन्हाळ्यात तोच आटतो आणि यंत्र धरून ठेवणारे स्क्रू सैल होतात. मी मागचा स्क्रू हाताला लावला तर पाव फेरा फिरला. यंत्र दस्त्यात खेळत असलं की गोळीगणिक आतल्या आत आदळतं, दणका टोचल्यासारखा लागतो आणि गोळ्या पसरतात. मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर, दोन वेळा स्क्रू बघायचे, लाकडाला जवसाचं तेल लावायचं. लाकडाला आतून चीर असेल तर स्क्रू आवळून काही होणार नाही, दस्ता बदला.

मग कान. कापूस चालणार नाही. कानात फोमचे बोळे नीट पिळून, कान वर ओढून आत घालायचे आणि त्यावर हेडफोनसारखे मफ. दोन्हींची बेरीज होत नाही, एकावर दुसरं लावल्याने पाच-दहा डेसिबलच जास्त मिळतात, पण मोठ्या बोरला तेवढेही हवेत. सायलेन्सरने परदेशातल्या माणसाला जे मिळतं त्याचा मोठा भाग तुम्हाला इथे किरकोळ खर्चात आणि कायद्यात राहून मिळतो. मी हे उगाच सांगत नाही. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा कान नळीकडे असतो. आमच्या वेळी कापसावर भागवलं आणि आज माझ्या डाव्या कानात रात्री रातकिडे ओरडतात. घरात सगळे झोपले की जास्त ऐकू येतात. पोरांनो, हा आवाज परत बंद होत नाही.

आणि शेवटी सराव. रोज रिकाम्या रायफलीवर, दोनदा तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, वीस वेळा चाप. रेंजवर एका दिवशी मोठ्या बोरच्या दहापेक्षा जास्त गोळ्या नकोत, त्यात तीन डमी. बिचकण्याची सवय गोळ्या वाढवून जात नाही, ती पक्की होते. मधे .२२ च्या हलक्या रायफलीवर हात बसवा.

.२२ वाल्यांसाठी

मागच्या महिन्यात एका मुलीने विचारलं, ती ५० मीटर रायफल खेळते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकल्यापासून आपल्याकडे या खेळाकडे वळणारी मुलं दिसायला लागली आहेत, फार बरं वाटतं. तिने विचारलं, "सर, नळीच्या पुढे काळी नळी लावतात तो मझल ब्रेक असतो का? मीही घेऊ का?"

बाळा, ती नुसती लांबी वाढवणारी नळी असते. पुढची माशी लांब गेली की शिस्त बारीक होते. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या, नियमांत रायफलला मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर दोन्हींना बंदी आहे, त्या नळीला भोकं पाडायलाही बंदी. आणि लावला तरी उपयोग नसता. .२२ ची गोळी २.६ ग्रॅमची, दारू ग्रॅमचा दहावा भाग किंवा त्याहून कमी. धक्क्यात वायूचा वाटा शंभरात सहा-सात. सहा किलोच्या रायफलीत एकूण धक्काच इतका कमी, की गाल टेकवलेला असेल तर गालालाच काय तो कळतो. तुझी गोळी दहाच्या बाहेर जाते त्याचं कारण गोळी सुटल्यावर तू लगेच डोकं उचलतेस, हे आहे. चाप दाबल्यावर मनात दोन आकडे मोज, मग डोकं उचल.

कोरेगावचा शेतकरी

रबरी पॅड परवानाधारक दुकानातून बसवून घेतलं, स्क्रू आवळले, कानांना दुहेरी संरक्षण दिलं. तीन रविवार फक्त .२२ आणि डमी. चौथ्या रविवारी तीनशेपंधरा हातात दिली आणि पुन्हा मीच मॅगझिन भरलं. पाच भरल्या, त्यात चौथी डमी. 'टक' झालं. माशी निशाणावरून हलली, पण बोटभरही नाही, आणि डोळे उघडे होते. पाचवी गोळी पहिल्या तिघींच्या शेजारी बसली. त्याने बोल्ट मागे ओढला, रिकामी पुंगळी उचलून खिशात टाकली आणि विचारलं, "आबा, पुढच्या रविवारी दोन डमी घालाल का?"